पक्षकाराचे गुपित आणि वकिलाची कादंबरी

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक ४८ वर्षांचे असून जिल्ह्याच्या ठिकाणी राहून गेली २२ वर्षे वकिली करीत आहेत. आठवड्यातून तीन दिवस ते एसटीने तालुक्याच्या कोर्टात जातात. त्यांची बहुतेक कामे दिवाणी आहेत, म्हणजे वाटपाचे दावे, मृत्युपत्रे आणि सातबाऱ्यावरील नोंदींचे वाद. अधूनमधून एखादे फौजदारी प्रकरणही ते चालवितात. वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांवर वाढलेल्या या गृहस्थांनी गेल्या दोन वर्षांत रात्री जागून एका खुनाच्या कादंबरीची १४० पाने लिहिली आहेत. आता सनद स्थगित करून पूर्णवेळ लेखनच करावे, असे त्यांच्या मनात आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असलेल्या त्यांच्या पत्नींना हा विचार पटलेला नाही आणि मुलगी यंदा बारावीला आहे. ‘कोर्टात रोज खोटे ऐकून कंटाळलो, आता खरे काय ते कादंबरीत लिहायचे आहे,’ असे ते म्हणतात. कादंबरीचा गाभा एका पक्षकाराने खटला चालू असताना त्यांना एकांतात सांगितलेल्या हकिकतीवर बेतलेला आहे, हे त्यांनी पत्राच्या शेवटी ओघात नमूद केले आहे. तो पक्षकार निर्दोष सुटला, निकालाला १४ वर्षे झाली आणि आता तो हयातही नाही, त्यामुळे यात अडचण नसावी असे त्यांना वाटते. वकिली सोडावी का आणि हस्तलिखित प्रथम कोणाला वाचायला द्यावे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

वकीलसाहेब,

तुमचे पत्र सात पानांचे आहे. त्यातील साडेपाच पाने वकिली सोडावी की नाही यावर खर्च झाली आहेत आणि उरलेल्या दीड पानात त्या पक्षकाराची हकिकत आहे. ते दीड पान मी वाचले आणि फाडून टाकले. ते मला पाठवायला नको होते, हे आरंभीच सांगते, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण त्याच दीड पानात आहे आणि वकिली सोडण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. तो आधी हातावेगळा करू.

वकिली आणि लेखन यांतील एकच काय ते निवडावे लागेल, असे तुम्ही गृहीत धरले आहे आणि त्यासाठी अर्ल स्टॅन्ली गार्डनर व जॉन ग्रिशॅम या दोन अमेरिकन वकिलांचा दाखला दिला आहे. दाखला चांगला आहे, पण तो तुमच्या बाजूचा नाही. गार्डनर यांना कॅलिफोर्नियात १९११ साली सनद मिळाली. १९२० नंतरच्या दशकात ते दिवसा व्हेंचुरा येथे वकिली करीत आणि रात्री स्वस्त मासिकांसाठी कथांमागून कथा टंकलिखित करीत. पेरी मेसन या त्यांच्या वकील-नायकाची पहिली कादंबरी १९३३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे त्यांनी वकिली सोडली. ग्रिशॅम यांना मिसिसिपीतील एका कोर्टात ऐकलेल्या साक्षीवरून पहिल्या कादंबरीची कल्पना सुचली. पहाटे उठून त्यांनी ती तीन वर्षे लिहिली, अनेक प्रकाशकांनी ती साभार परत केली आणि १९८९ साली निघालेली तिची पहिली आवृत्ती अवघी ५,००० प्रतींची होती. तेव्हाही त्यांचे कार्यालय चालूच होते. दुसऱ्या कादंबरीचे चित्रपट-हक्क पुस्तक छापून येण्यापूर्वीच मोठ्या रकमेला विकले गेले आणि मग ते कार्यालय बंद झाले. लेखक होण्यासाठी या दोघांपैकी कोणीही वकिली सोडलेली नाही. लेखनाने घर चालू लागल्यावर ती मागे पडली.

मला मात्र तुमच्यासाठी इंग्लंडमधील दोन उदाहरणे अधिक जवळची वाटतात. मायकल गिल्बर्ट हे लंडनमधील लिंकन्स इन येथे सॉलिसिटर होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत युद्धकैदी म्हणून राहून परतल्यावर, १९४७ साली ते या कामात शिरले आणि १९८३ साली निवृत्त होईपर्यंत त्यातच राहिले. केंटमधील घरून कार्यालयात जाताना आगगाडीत ते रोज सुमारे ५०० शब्द लिहीत. एवढ्या तुटपुंज्या दैनिक शिध्यावर त्यांच्या नावावर तीसच्या आसपास कादंबऱ्या आणि दीडशेहून अधिक कथा जमा झाल्या. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबऱ्यांपैकी एक १९५० सालची आहे. ती वकिलांच्याच कार्यालयात घडते आणि पक्षकारांचे दस्तऐवज ठेवण्याच्या पत्र्याच्या पेटीत तिच्यात प्रेत सापडते. कार्यालयात अशा पेट्या किती असतात, त्या वर्षानुवर्षे कोणी का उघडत नाही आणि किल्ली कोणाकडे असते, हे रोज त्या पेट्यांशेजारी बसणाऱ्या माणसालाच सुचणार. शिकागोत सरकारी वकील असताना स्कॉट टुरो यांनीही आपली पहिली कादंबरी कामावर जाता-येताना लोकलगाडीतच लिहिली.

दुसरे बॅरिस्टर सिरिल हेअर. हे टोपणनाव होते. मूळ नाव आल्फ्रेड अलेक्झांडर गॉर्डन क्लार्क. लंडनमधील वकिलांच्या कार्यालयांच्या ज्या हेअर कोर्ट नावाच्या आवारात त्यांचे कार्यालय होते आणि ज्या सिरिल मॅन्शन्समध्ये ते राहत होते, त्या दोन पत्त्यांतून त्यांनी आपले लेखकाचे नाव घडविले. पुढे १९५० साली ते काउंटी कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १९५८ साली वारले. साऱ्या लेखनकाळात कादंबऱ्या झाल्या नऊ. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सर्वोत्तम कादंबरीत फिरतीवरच्या एका न्यायाधीशाची कथा आहे आणि तिची उकल कायद्याच्या एका अतिशय कोरड्या तरतुदीवर उभी आहे. ती कोणती हे मी सांगणार नाही. तुम्ही वाचाल तेव्हा हातातले पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहाल. त्यांच्या बऱ्याच कादंबऱ्यांत रहस्य उकलणारा पेटिग्रू हा उतारवयाकडे झुकलेला, वकिलीत फारसा न चाललेला बॅरिस्टर आहे. वर्षाला अर्धीच का होईना, पण शेवटपर्यंत टिकणारी कादंबरी लिहायची असेल, तर रोजचे कोर्ट हा अडथळा ठरत नाही, एवढेच मला यातून दाखवायचे आहे.

अर्थात केंटची आगगाडी वेगळी आणि आपली एसटी वेगळी. एसटीत कागदावर लिहिले तर ते अक्षर दुसऱ्या दिवशी तुम्हालाही लागणार नाही. गार्डनर पुढे आपल्या कादंबऱ्या तोंडी सांगून चिटणिसांकडून उतरवून घेत. तसे मोबाइलमध्ये बोलून ठेवता येईल, पण शेजारच्या आसनावरच्या आजींना विषप्रयोगाचे तपशील ऐकू आले तर पुढच्या थांब्यावर काय होईल, याचाही विचार करा. एसटीचा वेळ मनातल्या मनात प्रसंग जुळविण्यासाठी ठेवावा आणि लिहिणे पहाटे करावे. त्याखेरीज मे महिन्याची सुट्टी आहे, दिवाळीची सुट्टी आहे. तुमच्या व्यवसायाइतकी मोठी, आधीच ठरलेली सुट्टी फार थोड्या लोकांना मिळते आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही.

पैशांचाही हिशेब मांडू. मराठी कादंबरीची १,००० प्रतींची आवृत्ती निघाली, किंमत ३०० रुपये आणि मानधन छापील किमतीच्या दहा टक्के धरले, तर आवृत्ती पूर्ण खपल्यावर ३०,००० रुपये होतात. आणि ती कधी खपेल, हे प्रकाशकही सांगू शकत नाही. मुलगी बारावीला असताना तुमच्या पत्नींना हा विचार पटत नाही, यात रसिकतेचा अभाव नसून साधे अंकगणित आहे. सनद स्थगित करण्याचा अर्ज बार कौन्सिलकडे करता येतो आणि ती पुढे पुन्हा सुरूही करता येते, हे खरे आहे. मात्र परत येणे कागदावर जितके सोपे, तितके बाररूममध्ये, म्हणजे कोर्टातील वकिलांच्या खोलीत, नसते. एकदा वकीलपत्रे दुसऱ्याच्या नावाने दाखल झाली आणि पक्षकारांना नव्या कार्यालयाचा जिना पाठ झाला, की तुमची खुर्ची तुमची राहत नाही. त्यापेक्षा कामाची निवड करा. ज्या कामांनी सर्वांत जास्त शीण येतो, ती नव्याने घेऊ नका. तालुक्याचे तीन दिवस दोनावर आणा. नुसत्या तारखा घेण्याचे काम विश्वासू ज्युनिअरकडे सोपवा. असे वर्षभर करून पाहा आणि तरीही लेखनाला वकिली आड येते असे दिसले, तर हा प्रश्न पुन्हा काढू.

‘रोज खोटे ऐकून कंटाळलो’ या तुमच्या वाक्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबले. रहस्यकथेत खून एखादाच असतो, पण खोटे बोलणारी माणसे आठ-दहा असतात आणि त्यांपैकी एकालाच गुन्हा लपवायचा असतो. बाकीचे लाजेपोटी, मायेपोटी, जमिनीपोटी किंवा निव्वळ सवयीने खोटे बोलतात. पंच फितूर होतो तो नेहमी पैसे घेऊनच होतो का? की आरोपीच्या घरची विहीर त्याच्या शेताच्या बांधालगत आहे आणि पुढची तीस वर्षे त्याला तिथेच राहायचे आहे म्हणून? हे तुम्हाला ठाऊक आहे, घरी बसून रहस्यकथा लिहिणाऱ्याला नाही. ज्याचा तुम्हाला वीट आला आहे, तेच तुमचे भांडवल आहे, आणि कोर्ट सोडल्यावर त्यात नवी भर पडणे थांबेल.

आता त्या दीड पानाकडे.

पक्षकार वारला आणि निकाल जुना झाला, म्हणून ती हकिकत मोकळी झाली, असे तुम्ही मानता. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर मी समजावून सांगितले असते. तुम्हाला नुसती आठवण करून देते. वकिलाला त्याच्या कामाच्या ओघात पक्षकाराने सांगितलेली गोष्ट पक्षकाराच्या स्पष्ट संमतीवाचून उघड करता येत नाही, ही पुराव्याच्या जुन्या कायद्यातील कलम १२६ ची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आली आहे, आणि वकील म्हणून काम संपल्यानंतरही हे बंधन चालू राहते, असे त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. पक्षकाराच्या मृत्यूने ते सुटते, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. बार कौन्सिलच्या नियमांत तर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अशा दोन्ही प्रकारच्या भंगाला मनाई आहे, आणि नावे बदललेली कादंबरी ही अप्रत्यक्षाची उत्तम व्याख्या ठरेल. शिवाय मृत व्यक्तीवर केलेला आरोपही, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर, बदनामी ठरू शकतो. न्यायालयाने ज्याला निर्दोष सोडले, त्याच्याबद्दल त्याचाच वकील छापील पुस्तकात वेगळे काही सुचवितो आहे, हे दृश्य कसे दिसेल?

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. त्या माणसाची पत्नी हयात आहे आणि कोर्टापासून दोन गल्ल्या सोडून राहते, हे तुम्हीच लिहिले आहे. नावे बदलाल, गाव बदलाल, विहिरीच्या जागी तलाव घालाल; तिला पाचव्या पानावर कळेल. आणि समजा तिने ते वाचले नाही, तरी तुमचा पुढचा पक्षकार वाचील. तुमच्या टेबलासमोर बसून दरवाजा लावून घ्या म्हणणारा माणूस ज्या भरवशावर बोलतो, तो भरवसा एकट्या तुमच्या मालकीचा नाही, तुमच्या शेजारच्या टेबलावरील वकिलाचाही तो आहे. टोपणनावाने हे सुटत नाही. तालुक्याच्या गावात टोपणनाव कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीपर्यंतच टिकते.

म्हणून माझे मत असे, की ती १४० पाने कपाटात ठेवावीत आणि कोणालाही दाखवू नयेत. जाळण्याची गरज नाही, पण कुलूप असावे.

हे वाचून तुम्ही खट्टू व्हाल, याची मला कल्पना आहे. तरी एक विचारते: त्या हकिकतीत तुमचे काय आहे? गुन्हा दुसऱ्याचा, कबुली दुसऱ्याची, दुःख तिसऱ्याचे. तुमचे आहे ते एवढेच, की तुम्ही ती ऐकलीत, नंतर युक्तिवाद केलात, माणूस सुटला आणि तुम्ही १४ वर्षे ती गोष्ट पोटात ठेवून त्याच एसटीने त्याच कोर्टात जात राहिलात. तुमच्या साडेपाच पानांतील कंटाळा मला या ओझ्याचा वाटतो. वकिलीचा तो असता तर तुम्ही दिवाणी कामांबद्दल इतक्या आपुलकीने लिहिले नसते. आणि कादंबरी असेल तर ती इथे आहे: ज्याला ठाऊक आहे पण बोलता येत नाही, असा वकील. त्याच्याभोवती गुन्हा मात्र संपूर्णपणे वेगळा रचा, इतका वेगळा की तुमच्या बावीस वर्षांतील एकाही प्रकरणाशी त्याचे नाते सांगता येऊ नये.

तो गुन्हा कोठून आणायचा? तुम्हाला खुनाची फार ओढ दिसते, पण तुमची खरी मिरास दिवाणी बाजूकडे आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, मात्र दोन साक्षीदार लागतात. त्यांतील एक जण त्या तारखेला गावातच नव्हता, हे एखाद्या क्षुल्लक कागदावरून उघड झाले तर? किंवा ज्याची खबर ज्यांना लागायला हवी त्यांनाच सात वर्षे लागलेली नाही, अशा माणसाला कायदा मृत मानू शकतो. तो आठव्या वर्षी परत आला, आणि दरम्यान त्याच्या जमिनीचे वाटप होऊन तीतून महामार्ग गेला असेल व मोबदलाही वाटला गेला असेल, तर तो जिवंत असणे किती जणांना परवडणार नाही? हे मी तालुक्याच्या कोर्टात न जाता सुचविते आहे. तुम्हाला याहून कितीतरी चांगले सुचेल. फेरफाराच्या नोंदीतील तारीख हा बंदुकीपेक्षा भरवशाचा पुरावा आहे, आणि मराठी रहस्यकथेने बंदुका पुष्कळ वापरल्या, फेरफार मात्र फारसा वापरलेला नाही.

लेखनाबद्दलही थोडे. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा प्रथम वाचण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, आणि वकिलांनी पाठविलेली कथा पाकिटावरचे नाव न पाहता ओळखू येई. ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ हे शब्द गेले तरी दाव्याची घडण जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशात म्हटले आहे, की दाव्यात महत्त्वाची तथ्ये थोडक्यात मांडावीत, ती सिद्ध करण्याचा पुरावा तेथे मांडू नये. रहस्यकथा याच्या नेमकी उलट चालते. पुरावा पहिल्या पानापासून वाचकाच्या डोळ्यांपुढे ठेवायचा आणि तथ्य शेवटपर्यंत सांगायचे नाही. उलटतपासात ज्याचे उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारू नये, हे तुमच्या अंगात भिनलेले असणार. तुमच्या नायकाला मात्र सतत तसेच प्रश्न विचारावे लागतील आणि काही वेळा तोंडघशी पडावे लागेल. कोर्टाचे प्रसंग लिहाल तेव्हा परदेशी चित्रपटांतील ज्युरी आणि हातोडा आणू नका, हे तुम्हाला सांगायला नको. तारीख पडते, साक्षीदार आलेला नसतो, साहेब रजेवर असतात. आपल्या कोर्टातील हा थांबलेला वेळच गुन्हेगाराला केवढी संधी देतो, ते लिहा.

पुस्तक निघेल तेव्हा बार कौन्सिलच्या नियम ३६ मधील, वकिलांच्या जाहिरातीवरची बंदी आठवावी. कादंबरी लिहिण्यास वकिलाला मनाई नाही, पण मलपृष्ठावर कार्यालयाचा पत्ता, चालविलेल्या खटल्यांची यादी किंवा ‘फौजदारी कामातील निष्णात’ असा परिचय नको.

या सदराच्या वाचकांत डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, बँकेतील आणि पोलीस खात्यातील मंडळी आहेत, आणि त्यांच्यापैकीही काहींच्या कपाटात अशी पाने असतील. त्यांच्यासाठी मी एक कसोटी वापरते: ज्या माणसाकडून ती गोष्ट आपल्याला कळली, तो आपल्या हुद्द्यामुळे बोलला की आपल्या मैत्रीमुळे? हुद्द्यामुळे बोलला असेल तर ती गोष्ट कादंबरीसाठी नाही, कितीही वर्षे लोटली तरी. मैत्रीमुळे बोलला असेल तर निदान त्याला विचारता येते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातील पीडितेची किंवा अल्पवयीन मुलाची ओळख पटेल असे काहीही लिहिण्याचा तर प्रश्नच येत नाही. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. नव्या कादंबरीची पहिली चाळीस पाने झाली, की ती बाररूममध्ये नेऊ नका. तेथे कलम चुकल्याचे सांगतील आणि कथा तशीच राहील. ज्युनिअरलाही देऊ नका, तो चांगलेच म्हणेल. ती तुमच्या पत्नींना द्या. चाळीस मुलांच्या वह्या तपासताना कोणी कोणाचे पाहून लिहिले, हे शिक्षिकेला दोन ओळींत कळते, आणि तुम्हाला नेमका तोच वाचक हवा आहे. ‘कसे वाटले’ असे त्यांना विचारू नका. कोणत्या पानावर कोणाचा संशय आला, एवढेच त्यांनी एका कागदावर लिहावे, तो पाकिटात घालून पाकीट चिकटवावे आणि स्वतःपाशीच ठेवावे. तुमचे शेवटचे प्रकरण लिहून होईपर्यंत ते मागू नका.